आमची वाटचाल: मिठाईच्या खोक्यापासून कोकणच्या पटापर्यंत

लोअर परळच्या आमच्या गाळ्यात वडिलांच्या वेळेपासून मिठाईचे आणि साड्यांचे खोके बनत. ताव आला, छापला, पंचिंग केला, मढवला, टेम्पोत भरला. पैसे उशिरा का होईना, येत. त्या वर्षांबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं काही नाही.

पटावरचे खेळ बनवायचं खूळ माझं. एका गिऱ्हाइकाने कॅटानचा, म्हणजे १९९५ साली जर्मनीत निघालेल्या पटावरच्या खेळाचा, डबा नमुना म्हणून आणून दिला. मी आधी खेळ पाहिलाच नाही, षटकोनी तुकड्यांची कड पाहिली. दोन एमएमचा बोर्ड, पण पात्याची कड कुठेही चुरगळलेली नाही. नवी डाय (कापायच्या पात्यांचा साचा), नवं रबर आणि घाई न करणारा मशीनमन असल्याशिवाय अशी कड येत नाही. मग खेळून पाहिला आणि अडकलो.

नगरं वसवायचे, साम्राज्यं उभी करायचे खेळ नंतर बरेच पाहिले. देव ग्रीसचे, नदी इजिप्तची, सैन्य रोमचं. आपल्याकडे तर जमीन मिळवण्याचीच कथा आहे. परशुरामाने जिंकलेली पृथ्वी कश्यपाला देऊन टाकली, मग त्याला स्वतःलाच राहायला जागा उरली नाही. महाभारतात शांतिपर्वात सागराने त्याच्यासाठी शूर्पारक देश निर्माण केला असं येतं. कोकणात सांगतात की त्याने बाण मारला, केरळात सांगतात परशू फेकला. जागा नाही तर समुद्र हटवा, हे मुंबईकराला वेगळं समजवायला लागत नाही.

तर आमच्या खेळाचा पट सुरुवातीला सगळा समुद्र. बाण खर्च करून एकेक षटकोन उलटायचा: खाजण, भातशेती, बंदर, घाट. माल शूर्पारक आणि कल्याणला उतरतो, नाणेघाटाने वर जुन्नर-पैठणला जातो. घाटातला जकातीचा रांजण ज्याच्या ताब्यात, त्याला इतरांच्या मालातला हिस्सा. देवाचं वरदान घेतलं की एक शापही पालथा ठेवायचा, तो कधी उलटायचा ते डावीकडचा ठरवणार. अशा खेळांत पुढे गेलेला पुढेच जातो आणि बाकीचे तासभर जांभया देतात, त्यावर हा उपाय. आमचा मशीनमन रोज नालासोपाऱ्याहून विरार लोकलने येतो. प्रूफवर शूर्पारक पाहून म्हणाला, "हे कुठं आलं?" तू राहतोस तिथंच, म्हटलं. पुढचा आठवडाभर तो खाली येणाऱ्या प्रत्येकाला सोपाऱ्यात सापडलेल्या अशोकाच्या शिलालेखाचं सांगत होता.

गोल पत्त्यांचा मोह मात्र टाळा. सावंतवाडीची दशावतारी गंजिफा, दहा अवतारांचे बारा-बारा असे १२० गोल पत्ते, बघून कुणालाही वाटेल आपलेही तसेच हवेत. आम्ही केले आणि चांगले झाले. पण चौकोनी पत्ता गिलोटिनवर थप्पीने कापला जातो, गोल पत्त्याला डाय लागते आणि दोन वर्तुळांमधला कागद रद्दीत जातो. पिसताना पोरं कुरकुरतात ते वेगळंच.

पहिल्या गिऱ्हाइकांतले एक गोदीतून निवृत्त झालेले काका. मुलुंडहून लोकलने आले, नियमांची पुस्तिका हातात, समासात पेन्सिलीच्या खुणा. म्हणाले, "अरे, तुझ्या समुद्राला भरती-ओहोटीच नाही. हा काय तलाव आहे?" त्यांचं सगळं आयुष्य भरतीच्या वेळा पाहण्यात गेलेलं. त्यांनीच समजावलं की अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण आणि अष्टमीच्या सुमारास भांग, तेव्हा पाण्याची चढउतार कमी. त्यावरून पटाच्या कडेला पंधरा तिथ्यांची पट्टी आली. उधाणाच्या फेरीत बांध न घातलेलं खाजण परत समुद्रात जातं. खेळात जीव आला तो या पट्टीमुळे, हे मी कुणालाही सांगतो. काकांनी दुसऱ्या छपाईचे डबे स्वतःच्या पैशाने घेतले. मी फुकट देत होतो, त्यांनी बिल मागितलं.

मग आले वितरक. नाव घेत नाही. मोठं नाव आहे, तुमच्या घरात त्यांचं एखादं खेळणं असेलच. तीन हजार डब्यांची ऑर्डर, आगाऊ रक्कम किरकोळ, बाकी माल विकल्यावर. मी बोर्डासाठी कर्ज काढलं. मे महिन्यात माल त्यांच्या भिवंडीच्या गोदामात गेला. जुलैत टेम्पो भरभरून परत आला. का, तर पट वाकलेत, मालच खराब.

ग्रेन (कागदातल्या तंतूंची दिशा) चुकलाय, असं त्यांच्या माणसाने तोंडावर सांगितलं. ग्रेन! मी त्याच्यासमोर एक पट फाडला, आतला बोर्ड सोलून काढला आणि दोन्ही दिशांनी वाकवून दाखवला. ग्रेनच्या बाजूने सहज वाकतो, आडवा अडतो, हे बाइंडिंगवाल्याच्या पोरालाही कळतं. बोर्ड, वरचा कागद, खालची पुस्ती, तिन्हींचा ग्रेन एकाच दिशेला होता. पण वर लॅमिनेशन, खाली साधा कागद आणि डबे गळक्या पत्र्याखाली ओल्या लादीवर. कागद ओल पितो आणि ग्रेनच्या आडव्या अंगाने फुगतो. डब्यांच्या तळाला पाण्याच्या रेषा स्पष्ट होत्या. तो माणूस मोबाइल बघत होता.

दिवाळीला त्यांचा स्वतःचा खेळ बाजारात आला. समुद्राच्या जागी नाईल, रांजणाच्या जागी पिरॅमिड, शापाला पेनल्टी. वकिलाने १९५७चा कॉपीराइट कायदा समोर ठेवला: खेळण्याची पद्धत कुणाची मालमत्ता नाही, नियमांचे तुमचे शब्द आणि तुमची चित्रं तेवढी तुमची. शब्द आणि चित्रं त्यांनी बदलली होती. पण काकांची पट्टी तशीच उचलली. नाईलला पूर वर्षातून एकदा, उन्हाळ्यात यायचा. यांच्या खेळात तो दर अमावास्या-पौर्णिमेला येतो!

एक पंचिंग मशीन विकलं. पुन्हा मिठाईचे खोके घेतले. परत आलेल्या डब्यांतले पत्ते आणि षटकोन धड होते, कारण लहान तुकडा फार वाकत नाही. गेला होता तो मोठा पट. काका गाळ्यात आले, थप्पीकडे बघून म्हणाले, "सारीपाट कधी वाकल्याचं ऐकलंयस?"

कापड. सुती, स्क्रीन प्रिंटिंगने. हे करणार असाल तर कापड आधी धुऊन, आटवून घ्या, नाहीतर पहिल्या धुण्यात षटकोन आखडतात आणि तुकडे बसत नाहीत. फ्रेमवर कापड ताणताना आडवं ओढू नका, दुसरा रंग सरकतो. काठाला दुहेरी शिवण घाला, म्हणजे पट टेबलावर सपाट पडतो. रंग ओढायची स्क्वीजी रोजच्या रोज धुवा, "उद्या करतो" म्हणणाऱ्याला त्या कामावर ठेवू नका. आणि माल विकल्यावर पैसे देणाऱ्याला चहा पाजा, माल देऊ नका.

कापडी पटाचे डबे त्याच जुन्या पत्त्यांवर उभे राहिले आणि कर्ज हळूहळू फिटलं. नंतरची वर्षं बरी गेली. आता घाटावरच्या राज्यांची पुरवणी छापतोय, काकांनी प्रूफ दोनदा परत पाठवलं आहे.

दादरच्या दुकानात त्या वितरकांचा डबा अजून आमच्या वरच्या फळीवर असतो. त्यांची दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा मी पूर्ण किमतीला विकत घेतली. पूर अजून तिथीनेच येतो, आणि पावसाळ्यात पट वाकतो.