आयरिश फिडलचं ट्यून बुक घेताना इंडेक्सने केलेला छळ (माझा अनुभव)

डब्लिनला फिडल, म्हणजे आयरिश ढंगाने वाजवलेलं व्हायोलिन, शिकायला लागले तेव्हा पुस्तक लागेल असं वाटलंच नव्हतं, कारण क्लासला कोणी पुस्तक लावतच नाही. सर दोन ओळी वाजवतात, आपण तशाच वाजवायच्या, मग पुढच्या दोन, असं करत तासाभरात एक पोल्का, म्हणजे नाचाची एक चाल, बसते आणि सकाळी उठावं तर निम्मी उडालेली. फोनवर रेकॉर्डिंग होतं, पण नवशिक्या कानाला त्या वेगात मधली वळणं सापडत नाहीत. फिडल भाड्याने मिळालं, क्लासला प्रवेश मिळाला, त्यात सांगण्यासारखं काही नाही. अडलं ते पुस्तकापाशी.

दुकानात काउंटरवरच्या माणसाने मी काय शिकतेय, कोणाकडे शिकतेय, काही न विचारता ओ'नीलचा जाडजूड ठोकळा पुढे केला. हे घेतलंस की दुसरं काही लागणार नाही म्हणे. हे वाक्य नंतर इतक्या जणांकडून ऐकलं की आता कोणी म्हटलं की डोकं सणकतं. पुस्तक थोर आहे, वाद नाही. फ्रान्सिस ओ'नील मूळ आयर्लंडमधल्या कॉर्कचा, शिकागोत पोलिसप्रमुख झाला आणि तिथल्या आयरिश वादकांकडून जमवलेल्या 1850 चाली त्याने 1903 मध्ये छापल्या. पण उघडून बघा ना, पहिल्या 625 गाण्यांच्या आणि संथ चाली, मग 75 कॅरोलन या जुन्या हार्पवादकाच्या रचना, म्हणजे 700 चाली उलटल्या तरी नाचाचं संगीत सुरू व्हायचंय. आणि पोल्काचा विभागच नाही! आमचे सर कॉर्क-केरीच्या सीमेवरच्या श्लीव लूखरा भागातलं वाजवतात, तिथे पोल्का आणि स्लाईड या नाचाच्या चाली हेच मुख्य जेवण. नाचाच्याच चाली हव्यात तर ओ'नीलचंच 1907 चं 1001 चालींचं पुस्तक आहे, ते जास्त कामाचं, पण हे दुकानात कोणी बोललं नाही.

बरं, घेतला ठोकळा. आता खरा छळ.

सेशनला, म्हणजे पबमध्ये सगळे एकत्र बसून वाजवतात तिथे, एक जिग (हीसुद्धा नाचाची चाल) हमखास वाजते, मोकळी, जी मेजर स्केलमधली, ऐकली की पाय आपोआप हलतो. फ्लूटवाल्याला नाव विचारलं, म्हणाला द केश. घरी येऊन इंडेक्समध्ये के खाली बघितलं, नाही. स्पेलिंग वेगळं असेल म्हणून सी खाली बघितलं, नाही. ''द'' धरून लावलंय का म्हणून टी खाली बघितलं, तिथेही नाही. पुढच्या वेळी अॅकॉर्डियनवाल्या आजींना विचारलं तर त्या म्हणाल्या नाव कोणाला माहीत गं, ही त्या दुसरीनंतर येते एवढं ठाऊक. दुसरी म्हणजे कोणती, तर ती वाजवून दाखवली, नाव तिचंही नाही. बँजोवाल्याने तिसरंच काहीतरी सांगितलं आणि लगेच म्हणाला, पण खात्री नाही हं. शेवटी एका रविवारी चहाचा कप घेऊन डबल जिगचा विभाग पहिल्यापासून धरला, 415 जिगा आहेत त्यात, प्रत्येकीचे पहिले दोन बार (नोटेशनमधले तालाचे खंड) गुणगुणत पुढे सरकत राहिले आणि सापडली एकदाची, नाव काय तर किनकोरा जिग! बरं सापडली ती तरी सेशनसारखी असावी, तर दुसऱ्या भागात आमच्याकडे वाजतं ते वेगळं आणि छापलंय ते वेगळं. छापलेलं पाठ करून गेले असते तर सगळ्यांशी आपटलेच असते.

आणि हे एकाच चालीचं नाही. मॉरिसन्स जिग म्हणून जी सगळे वाजवतात तिचं जुनं नाव वेगळं होतं, आयर्लंडमधल्या स्लायगोहून न्यूयॉर्कला गेलेल्या जेम्स मॉरिसनने तबकडी काढली आणि नाव त्याचं चिकटलं. 1903 च्या पुस्तकात ते नाव शोधत बसणाऱ्याला मिळणार कसं? काही पुस्तकांत तर नावाच्या जागी 'नाव नाही' एवढंच छापलेलं असतं, म्हणजे इंडेक्स बघणंच खुंटलं. इतकी वर्षं लोक हे पुस्तक सुचवतायत आणि एकानेही सांगू नये की नावाने शोधू नकोस, याचा मला अजून राग आहे.

सुटका फोनने केली. ट्यूनपाल नावाचं अॅप आहे, त्याला थोडी चाल वाजवून ऐकवायची, ते जुळणाऱ्या चाली नावांसकट काढून देतं. हळू आणि स्वच्छ वाजवा, पबच्या गोंगाटात वाट्टेल ते सांगतं. बरोबर एबीसी नोटेशनही मिळतं, अक्षरांत लिहिलेली चाल. लहानपणी पेटीवर सारेगम लिहूनच शिकलेली असल्याने मला ते पाच रेघांच्या नोटेशनपेक्षा लवकर वाचता आलं.

हां, एक राहिलं, घेण्याआधी पुस्तकं चाळायची असतील तर मेरियन स्क्वेअरला आयरिश ट्रॅडिशनल म्युझिक अर्काइव्ह आहे, फुकट आहे, जाऊन बसा. मी तिथे ब्रेंडान ब्रानॅखचं क्योल रिंका ना हेरन हे नाचाच्या चालींचं पुस्तक पाहिलं, पहिला भाग 1963 चा, एकूण पाच भाग, शेवटचा 1999 चा. चाल कोणाकडून घेतली, तिला आणखी काय नावं आहेत, हे सगळं टिपांमध्ये आहे. माझ्या जखमेवर नेमकं औषध! पण पहिल्या भागाच्या टिपा आयरिश भाषेत, त्यामुळे मी नुसती नावं वाचत बसले.

शेवटी घेतलं ते मॅट क्रॅनिचचं द आयरिश फिडल बुक, 1988 मध्ये पहिल्यांदा आलेलं. चाली कमी, पण फिडल धरायचं कसं, बो म्हणजे गज एका दिशेला किती सुरांवर ओढायचा, रोल आणि ट्रेबल या सजावटी कशा काढायच्या, सगळं आहे आणि सोबत रेकॉर्डिंग. क्रॅनिच स्वतः कॉर्कचा, श्लीव लूखराचा अभ्यासक, त्यामुळे सरांच्या गज चालवण्याशी जुळतं. पुस्तक बघून सरांनी नुसती मान हलवली, त्यांच्याकडून तेवढं म्हणजे खूप! चालींसाठी कोल्टस या आयरिश संगीत संस्थेचं फ्विन सेशून घेतलं, त्याचीही सीडी मिळते आणि सेशनला खरंच वाजणाऱ्या चाली आहेत.

रेकॉर्डिंगशिवाय पुस्तक घेऊ नका असं मी आता ठासून सांगते. रील या नाचाच्या चालीत एका बारमधले आठ सूर कागदावर सारखे दिसतात, वाजवताना तसे नसतात, तो झोका छापता येत नाही. भातखंड्यांच्या पुस्तकातून बंदिश उचलली तरी गुरूशिवाय ती गायला येत नाही, तसंच हे. आयर्लंडमध्येच डोनेगलवाले बो वेगळा चालवतात, स्लायगोवाले वेगळा, त्यामुळे तुमचे शिकवणारे कुठलं वाजवतात ते आधी विचारा आणि मगच दुकानात जा. टिन व्हिसल या छोट्या बासरीसाठी काढलेलं पुस्तक स्वस्त दिसलं तरी नको. व्हिसल डी या सुराच्या खाली जात नाही, म्हणून खालचे सूर त्यात वर उचललेले असतात आणि आपल्या फिडलची सगळ्यात खालची तार (जी) नुसती लोंबकळत राहते.

सेशनला पुस्तक स्टँडवर लावू नका, कोणी बोलणार नाही, पण बघतील. पिशवीत ठेवा आणि प्यायला उठाल तेव्हा हळूच बघून घ्या, मी तेच करते. ओ'नील अजून कपाटावर आहे. विकायला काढला तर घेणाऱ्याला हे सगळं सांगावं लागेल, मग कोण घेणार?