फिशटँकची जागा ठरली, पण स्टँड सरळ मिळेना

तीन फुटी टाकी घरात कुठे ठेवायची, हे ठरवायला आम्हाला फारसा वेळ लागला नाही. सगळा वेळ खाल्ला तो स्टँडने, आणि त्याची चीड अजून पुरती गेलेली नाही.

आमची टाकी ३६ इंच लांब, १८ इंच रुंद आणि १८ इंच उंच आहे. काठोकाठ भरली तर तिच्यात सुमारे १९० लिटर पाणी मावते. काच, वाळू, दगड आणि स्टँड धरून एकूण वजन अडीचशे किलोच्या वर जाते. राहत्या खोल्यांच्या स्लॅबसाठी आयएस ८७५ या भारतीय मानकात दर चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे साधारण २०० किलो भार धरलेला असतो. हा भार खोलीभर पसरलेला गृहीत धरतात, त्यामुळे धडधाकट आरसीसी इमारतीत एवढ्या टाकीची धास्ती घेण्याचे कारण नाही. मात्र ती खोलीच्या मधोमध न ठेवता, खाली बीम असलेल्या भिंतीला समांतर ठेवावी. लाकडी तक्तपोशीच्या जुन्या घरात किंवा गळक्या स्लॅबवर इंजिनिअरला विचारल्याशिवाय टाकी आणूच नये. बाल्कनी आम्ही लगेच बाद केली, कारण तिथे दुपारचे ऊन थेट येते, त्याने पाणी तापते आणि शेवाळ माजते. शिवाय पावसाचे पाणी वाहून जावे म्हणून तिथल्या फरशीला ढाळ दिलेला आहे. हॉलमधली, खिडकीपासून लांबची भिंत पक्की झाली.

दुकानात तयार कॅबिनेट मिळत होते, पण ते पार्टिकल बोर्डाचे होते. ठाण्याच्या पावसाळी हवेत आणि पाणी बदलताना सांडणाऱ्या थेंबांनी असा बोर्ड फुगतो, म्हणून मी जवळच्या एका फॅब्रिकेशनवाल्याकडे दीड इंची चौकोनी पाइपचा स्टँड सांगितला. "परवा घेऊन जा" या आश्वासनावर बरेच परवा उलटले आणि अखेर जो स्टँड घरी आला, त्याचा एक पाय फरशीला टेकतच नव्हता. फरशीचा दोष नसावा म्हणून तो मी फिरवून, दुसऱ्या खोलीत नेऊनही पाहिला. सगळीकडे तोच पाय अधांतरी राहत होता.

"मॅडम, पाणी भरलं की वजनानं आपोआप बसेल," असे मला सांगण्यात आले. हे वाक्य कुणीही मान्य करू नये. वजनाने स्टँड बसेल, हे खरे. पण बसताना त्याचा पीळ वरच्या टाकीत उतरतो आणि काच वाकायला तयार नसल्यामुळे सिलिकॉनचा सांधा ताणला जातो किंवा तळाला तडा जातो. पुढच्या वेळी त्या पायाखाली रबर लावून मिळाले. डुलणे थांबले, पण मी वरच्या चौकटीच्या समोरासमोरच्या कोपऱ्यांवर दोन दोरे ताणून दाखवले. चौकट सपाट असेल तर हे दोरे मधोमध एकमेकांना नुसते टेकतात; आमच्या दोऱ्यांमधून काडेपेटीची काडी आरपार सरकत होती. यावर "मग जाड थर्मोकोल टाका" हा सल्ला आला. टाकीखाली थर्मोकोल हवाच, पण तो रंगाचा ओघळ किंवा वाळूचा खडा यांसारखे बारीक उंचवटे सामावून घेतो, चौकटीचा पीळ काढत नाही.

मी ठाम राहिले. त्याच कारखान्यातल्या एका वयस्कर कारागिराने दोरे पाहिले आणि एका दमात कारण सांगितले: एकेक कोपरा पुरा वेल्ड करत गेले की थंड होणारा सांधा आक्रसतो आणि पाइप आपल्याकडे ओढतो. त्यांनी वरचे सांधे कापले, आधी सगळीकडे नुसते टॅक, म्हणजे वेल्डचे छोटे तात्पुरते टिपके मारले, दोन्ही कर्ण टेपने मोजले, दोरे पुन्हा ताणले आणि मगच समोरासमोरचे कोपरे आलटून पालटून पुरे केले. दोरे एकमेकांना अलगद टेकलेले पाहून जो आनंद झाला, तो पुढे मासे सोडतानाही झाला नाही.

दोऱ्याची ही चाचणी पावडर कोटिंगच्या आधी करावी, कारण नंतर सांधा कापायला कुणी राजी होत नाही. आणि चाचणी होईपर्यंत पूर्ण पैसे देऊ नयेत. टाकी ठेवल्यावर ती आधी अर्धीच भरावी आणि चारही कोपऱ्यांत वरच्या कडेपासून पाण्यापर्यंतचे अंतर पट्टीने मोजावे. फरक आलाच तर पाणी काढून पाचर स्टँडच्या पायाखाली घालावी, काचेखाली कधीही नाही. फिल्टर मागे टांगायचा असेल तर भिंतीपासून वीतभर अंतर सोडावे. प्लगचे ठिकाणही जागा ठरवतानाच पाहावे: सॉकेट टाकीच्या बरोबर मागे नसावे आणि वायर सॉकेटच्या खाली झोळ देऊन मग वर न्यावी, म्हणजे वायरवरून ओघळणारे पाणी झोळापाशीच खाली ठिबकते.