फोर्टातली बंद शटरं

रविवारी सकाळी सातला सीएसएमटीला उतरलो. वेळ मुद्दाम निवडलेली. शटराचं जलरंगात चित्र काढायचं तर ते खाली ओढलेलं हवं, आणि फोर्टात रविवारी सकाळी बहुतेक दुकानं बंदच असतात. मेगाब्लॉक असेल तर परतीच्या गाड्या आदल्या दिवशीच बघून ठेवाव्यात.

शटरकडे चित्र म्हणून बघायला चित्रकार अतुल डोडिया यांनी शिकवलं. घाटकोपरचे, जे.जे. स्कूल ऑफ आर्टमधून शिकलेले. २००० पासून त्यांनी खऱ्याखुऱ्या दुकानी शटरांवर एनॅमल रंगात चित्रं केली, आणि शटर वर सरकवलं की आत दुसरं चित्र. २००१ साली ही शटरं लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये लागली होती. ती बघून आलं की रस्त्यावरचं साधं शटरही नुसतं दार राहत नाही.

डी. एन. रोडच्या कमानींखाली सावली असते. तिथली शटरं सपाट राखाडी दिसतात, म्हणून तिथे वेळ घालवला नाही. बाजूच्या गल्लीत शिरलं की ऊन तिरकं येतं आणि प्रत्येक पट्टीचा फुगवटा उठून दिसतो. वरच्या कडेला उजेड, खाली सावली, आणि दोन पट्ट्या जिथे अडकतात तिथे केसाएवढी काळी रेघ. कडांच्या गाइडमध्ये, म्हणजे शटर सरकतं त्या खाचांत, ग्रीस साचून काळं झालेलं. हँडलभोवती हातांनी घासून चकचकीत झालेला गोल. तळाच्या पट्टीवर गंज, कारण फरशी धुतलेलं पाणी आणि पावसाचे शिंतोडे तिथेच थांबतात. शिवाय स्टेन्सिलने छापलेलं ‘शटर रिपेअर’ आणि खाली फोन नंबर. रंगवताना नंबर गाळावा, अक्षरं ठेवावीत. शहराचा खरा हस्ताक्षर-नमुना तोच.

सामान थोडंच: ३०० जीएसएमचा (म्हणजे जाड) खरबरीत कागद, १२ नंबरचा गोल ब्रश, एक चपटा, अर्धा लिटर पाणी, घडीचं स्टूल. राखाडीसाठी काळा रंग आणूच नये. अल्ट्रामरीन निळा आणि तांबूस तपकिरी बर्न्ट सिएना मिसळले की पत्र्याचा थंड-गरम राखाडी मिळतो. गंजाला तोच सिएना थोड्या मातकट पिवळ्या यलो ओकरबरोबर. आधी सबंध शटरवर एकच पातळ वॉश (पाणीदार रंगाचा थर), तो पूर्ण वाळल्यावर सावल्या.

हमखास बिघडतं ते इथे: सगळ्या पट्ट्या सारख्याच गडद रेघांनी आखल्या की शटरची शिडी होते. मी तीन-चार पट्ट्याच नीट काढतो, त्याही कुलपाच्या आसपास. बाकीच्या ओल्यात विरघळू देतो. दुसरी गडबड पावसाळ्यातली. दमट हवेत वॉश वाळत नाही, घाईने दुसरा थर दिला की कडा फुलकोबीसारख्या फुटतात. तेव्हा सावल्या रंगीत पेन्सिलीने द्याव्यात.

खऱ्या पत्र्यावर रंगवायची हौस असेल तर जस्ताचा मुलामा असलेल्या नव्या पत्र्यावर थेट ऑइलपेंट मारू नका. जस्त आणि तेल यांच्यात साबणासारखा थर तयार होतो आणि काही महिन्यांत रंग पापुद्र्यांनी सुटतो. ग्रीस थिनरने पुसायचं, पत्रा घासायचा, पत्र्याला घट्ट धरणारा एच प्रायमर (etch primer) द्यायचा, मगच एनॅमल पातळ थरांत. जाड थर दिला तर शटर गुंडाळताना पट्ट्या एकमेकींवर घासून तो आधी सांध्यांपाशीच उडतो.

हुतात्मा चौकातून काळा घोडा चालत दहा मिनिटं. अकराला जहांगीर आर्ट गॅलरी उघडते, पलीकडे एनजीएमए, म्हणजे नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्ट (सोमवारी बंद). पूर्वी रेडिओलॉजिस्ट असलेले ठाण्याचे चित्रकार सुधीर पटवर्धन यांची चित्रं कुठे लागली असतील तर ती सोडू नका. १९७७ चं त्यांचं ‘इराणी रेस्टॉरंट’ असो की पुढची लोकल, पूल, इमारतींची चित्रं, त्यांत शहरातल्या वस्तूंना माणसांइतकंच वजन आहे. तिथून परत त्याच गल्लीत आलो तेव्हा चहावाल्याशेजारचं एक शटर अर्धं वर गेलं होतं. गुंडाळलेल्या पट्ट्यांखाली पिवळा बल्ब आणि स्टीलच्या डब्यांची रांग. कागदाच्या मागच्या बाजूला तेवढं पेन्सिलीने टिपून घेतलं.