चेंडू हातातून सुटल्यावर

नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात पहिलाच पाठ गतीच्या नियमांचा. न्यूटनचे तिन्ही नियम मुलं घडाघडा म्हणून दाखवतात, पण ते आत उतरलेत का, हे फळ्यासमोर उभं राहून कळत नाही. ‘समजलं का?’ विचारलं की अख्खा वर्ग ‘हो बाई’ म्हणतो.

म्हणून तो तास मी संगणक कक्षात घेतला. एका संगणकावर दोघं, जोडीचं मिळून एक मत. मेंटीमीटर या संकेतस्थळावर प्रश्न तयार ठेवला होता; तिथे मुलं मत देतात आणि कोणत्या पर्यायाला किती मतं पडली ते उभ्या स्तंभांनी दिसतं. मुलांना खातं उघडावं लागत नाही, नाव द्यावं लागत नाही. पडद्यावरचा कोड टाकला की प्रश्न समोर. नाव नसणं ही माझ्या दृष्टीने त्यातली सगळ्यात मोलाची सोय. चुकलं तर हसतील, या भीतीनेच किती मुलं वर्षभर गप्प बसतात!

प्रश्न असा: चेंडू सरळ वर फेकला. हातातून सुटलाय, अजून वर चाललाय. हवेचा रोध सोडून दिला, तर आत्ता त्याच्यावर कोणतं बल आहे? अ) फक्त वरच्या दिशेने. ब) वर आणि खाली दोन्ही, पण वरचं जास्त. क) फक्त गुरुत्वाकर्षणाचं, खाली. ड) कोणतंच नाही.

निकाल मी झाकून ठेवला. स्तंभ डोळ्यांदेखत वाढताना दिसले की मुलं विचार सोडून उंच स्तंभाच्या मागे जातात. सगळ्यांची मतं आल्यावर उघडला. ‘ब’ सगळ्यात उंच. बरोबर उत्तर ‘क’, त्याच्याकडे जेमतेम एक तृतीयांश जोड्या. आदल्याच तासाला याच वर्गाने पहिला नियम, बाहेरचं बल नसेल तर चालती वस्तू त्याच वेगाने सरळ चालत राहते, बिनचूक सांगितला होता.

उत्तर सांगितलं नाही. “शेजारच्या जोडीला पटवून द्या, मग पुन्हा मत द्या,” एवढंच म्हटलं. हार्वर्डमधले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मझूर १९९१ पासून असंच शिकवत आले: आधी मत, मग आपसांत चर्चा, मग पुन्हा मत. बरोबर उत्तरं फारच कमी असतील तर विषय नव्याने शिकवायचा, बहुतेकांचं बरोबर असेल तर पुढे सरकायचं. आमचा वर्ग नेमका मधे होता.

कक्षात एकच गलका. खिडकीजवळची एक मुलगी, एरवी हात वर न करणारी, खोडरबर वर उडवून शेजारच्या मुलाला विचारत होती, “हात तर खालीच राहिला ना? मग आता याला वर कोण ढकलतंय?”

“मग वर जातोय कशाला?”

“वेग आहे म्हणून. बघ ना, कमी कमी होतोय तो. बल वरच्या बाजूला जास्त असतं तर वाढला असता.”

मी मधे पडले नाही. बल आणि वेग यांतला फरक इतक्या थोडक्यात मलाही सांगता आला नसता. मुलाने खोडरबर तिच्याकडून घेतला, स्वतः दोन-तीनदा उडवून पाहिला आणि माउस ‘क’वर नेला.

दुसऱ्या वेळी ‘क’चा स्तंभ सगळ्यांच्या वर गेला. तरी ‘ब’कडे थोडी मतं उरलीच, आणि नावं नसल्यामुळे ती कोणाची ते मला कळेना. ही या पद्धतीची मर्यादा आहे आणि तिला उपाय वहीचाच. दुसऱ्या दिवशी प्रत्येकाला चेंडूचं चित्र काढून बलांचे बाण दाखवायला सांगितलं. काहींच्या वहीत वरचा बाण अजून होता. त्यांना मधल्या सुट्टीत बोलावलं, चेंडू हातात दिला आणि विचारलं, “हा बाण कोण लावतंय, बोट ठेवून दाखव.”

पुढचा प्रश्न तयार आहे: सर्वांत उंच बिंदूवर, जिथे क्षणभर वेग शून्य, तिथे बल किती? ‘शून्य’ला बरीच मतं पडतील असं वाटतंय. तोही निकाल आधी झाकूनच ठेवणार.