जेनोवाहून ऐनवेळी निघायचं तर बोनास्सोला

उन्हाळ्यात इटलीतल्या चिंक्वे तेर्रे या पाच किनारी गावांच्या गल्ल्यांमधून धड चालताही येत नाही. तरी जेनोवात उतरलेले बहुतेक जण एक दिवस मोकळा मिळाला की तिकडचीच गाडी धरतात. त्याच रेल्वेमार्गावर, लेवान्तो या गावाच्या जरा अलीकडे, फ्रामुरा आणि बोनास्सोला ही दोन गावं आहेत. सकाळी ठरवून दुपारच्या आत पाण्यात पाय बुडवायचे असतील, तर लिगुरियात, म्हणजे जेनोवाच्या या किनारी प्रांतात, माझी पहिली पसंती यांनाच.

'रेजोनाले' म्हणजे साध्या गाडीने जायचं. तिचं भाडं अंतरावर ठरतं, त्यामुळे महिनाभर आधी काढा नाहीतर गाडी सुटायच्या दहा मिनिटं आधी, पैसे तेवढेच. जागेचं आरक्षण नसतंच. कागदी तिकीट मात्र गाडीत चढण्याआधी फलाटाजवळच्या मशीनमध्ये घालून त्यावर शिक्का उमटवायचा. मोबाइलवर घेतलं असेल तर गाडी सुटण्याआधी चेक-इन करायचं. पाहुण्यांना दंड बसतो तो बहुतेक इथेच, तिकीट खिशात असूनही. परतीचं तिकीटही जेनोवातच घेऊन ठेवा. छोट्या स्टेशनांवर खिडकीवर माणूस मिळेल असं धरून चालू नका.

जेनोवाच्या ब्रिन्योले स्टेशनपासून साधारण सव्वा ते दीड तास लागतो. सगळ्याच गाड्या या दोन गावांना थांबत नाहीत, कधी सेस्त्री लेवान्तेला बदलावी लागते. स्टेशनवरचा पिवळा तक्ता सुटणाऱ्या गाड्यांचा, पांढरा येणाऱ्यांचा. त्यात 'फेरियाले' लिहिलेली गाडी सोमवार ते शनिवार धावते आणि 'फेस्तिवो' रविवारी व सुटीच्या दिवशी. रविवारी निघून फेरियाले गाडीच्या भरवशावर राहिलात, तर संध्याकाळी फलाटावर ताटकळत बसाल.

जेनोवाकडून येताना आधी फ्रामुरा लागतं. तिथेच उतरा. स्टेशन अगदी समुद्राला चिकटून आहे आणि गाव वर डोंगरात पाच वाड्यांत विखुरलेलं: आन्झो, रावेक्का, सेत्ता, कोस्ता, कास्तान्योला. चढायची हौस असेल तर कोस्तापर्यंत जाऊन जुना बुरूज बघून या. नसेल तर सरळ बोनास्सोलाची वाट धरा.

ही वाट म्हणजे जुना रेल्वेमार्ग. १८७४ मध्ये पूर्ण झालेली जेनोवा–ला स्पेत्सिया लाइन इथे अगदी किनाऱ्याने, एकेरी रुळावरून जायची. १९७० मध्ये नवी दुहेरी लाइन डोंगराच्या आतून काढली, जुने बोगदे रिकामे पडले आणि पुढे त्यातूनच चालायचा व सायकलचा रस्ता झाला. फ्रामुरा ते बोनास्सोला सुमारे ३ किलोमीटर, तिथून लेवान्तो आणखी अडीच. चढउतार जवळजवळ नाही, त्यामुळे लहान मुलं आणि वयस्कर माणसंही आरामात चालतात. बराचसा रस्ता बोगद्यातून जातो, आत दिवे आहेत. बाहेर कडक ऊन असलं तरी आत गारवा असतो, अंगावर घ्यायला काहीतरी हवंच. सायकली वेगात येतात, चालणाऱ्यांनी आपली बाजू सोडू नये. दोन बोगद्यांच्या मधे डोंगर उघडतो आणि खाली छोट्या खाड्या दिसतात. तिथे थांबायला वेळ ठेवा, सगळी मजा त्या उघड्या तुकड्यांत आहे.

बोनास्सोलाचा किनारा खडे-गोट्यांचा. रबरी सोलचे पाण्यातले बूट नसतील तर पाय पोळतात आणि सोलवटतातही. छत्र्यांच्या रांगा दिसतात तो भाग पैसे देऊन वापरायचा, 'स्पियाज्जा लिबेरा' मोफत. भरती-ओहोटीचं वेळापत्रक पाहायची गरज नाही, या समुद्रात पाणी फार तर तीसेक सेंटीमीटर वरखाली होतं. बघायचा तो वारा. नैर्ऋत्येकडून 'लिबेच्चो' सुटला की लाटा थेट या किनाऱ्यावर आदळतात आणि खडकाळ भागात उतरणं धोक्याचं होतं. उत्तरेच्या 'त्रामोन्ताना'त मात्र किनाऱ्यालगतचं पाणी बरंच शांत असतं, कारण डोंगर आड येतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये हवामानाचा इशारा बघितल्याशिवाय निघूच नका. २५ ऑक्टोबर २०११ च्या पावसाने शेजारच्या व्हेर्नाझ्झा आणि मोन्तेरोस्सोत चिखलाचे लोंढे आणले होते. नारिंगी किंवा लाल इशारा असेल तर बेत रद्द. मे, जूनचा पहिला पंधरवडा आणि सप्टेंबर हे सगळ्यात सुखाचे दिवस.

जेवण साधारण साडेबारा ते अडीच, नंतर स्वयंपाकघर बंद होतं. उशीर झाला तर बेकरीतून फोकाच्चा, म्हणजे ऑलिव्ह तेलातला चपटा पाव, घ्या. तो वजनावर मिळतो, 'उन एत्तो' म्हणजे १०० ग्रॅम. फारिनाता दिसली तर सोडू नका: चण्याचं पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल, मीठ, बस. पेस्तोत, म्हणजे बेसिलच्या हिरव्या चटणीत, चीज असतं, दूध-दुभतं न खाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. हॉटेलच्या बिलात 'कोपेर्तो' म्हणून माणशी काही रक्कम लागते, ती टिप नव्हे.

संध्याकाळी गावाच्या पश्चिम टोकाला मादोन्नीना देल्ला पुन्ताचं छोटं देऊळ गाठा, सूर्यास्त तिथूनच बघावा. फक्त रात्रीचं जेवण साडेसातच्या आधी क्वचितच मिळतं, तेव्हा जेवून निघायचं असेल तर नंतरची गाडी सकाळीच बघून ठेवा. बोनास्सोलाला सोयीची नसेल तर लेवान्तोपर्यंत चालत जा, तिथे जास्त गाड्या थांबतात. आणि 'शोपेरो' म्हणजे संप असेल, तर कामाच्या दिवशी साध्या गाड्यांची हमी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ एवढीच असते. त्या दिवशी सूर्यास्त सोडा आणि नऊच्या आत गाडीत बसा.