तुम्ही विचारलंत म्हणून : विचर का फायनल फँटसी?

लातूरच्या ट्यूशन एरियात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. नीटची पोरं लॅपटॉप घेऊन येतात, विंडोज पडेपर्यंत स्टुलावर बसतात आणि आवाज बारीक करून विचारतात, "दादा, तुम्हाला विचर आवडतो का फायनल फँटसी?" म्हणजे रोल-प्लेइंग गेम, गोष्टीतलं एक पात्र होऊन खेळायचे ते, युरोप-अमेरिकेतले (विचरसारखे) बरे का जपानी (फायनल फँटसीसारखे). आता एकदाच लिहून टाकतो. जपानी.

कारण ऐकून हसाल. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी यायचं. आमच्या गल्लीत टँकर कधी येईल याचा नेम नव्हता. घरात जुना प्लेस्टेशन टू आणि 2001 चा फायनल फँटसी टेन. हॉर्न वाजला की आई ओरडायची, "ठेव ते, घागर उचल!" मी राक्षसाला तसाच सोडून पळायचो. घागरी, बादल्या, शेवटी दोन पातेली भरून ओल्या चपलांनी परत यावं, तर तो बापडा जिथल्या तिथं. पाळीपाळीनं वार करायचा खेळ. आपण हुकूम देईपर्यंत समोरचा हात उचलत नाही. पॉज सगळ्याच गेममध्ये असतो हो, पण आईची हाक आल्यावर बटण कुणाला सुचतं?

लाइट गेली की मात्र हाच गेम रडवायचा. सेव्ह करायला वाटेत चकाकणारा गोळा सापडावा लागतो. त्याआधी लाइट गेली की तासाभराची मेहनत पाण्यात.

स्कायरिम या अमेरिकन गेमचं तसं नाही, मनात आलं की सेव्ह. 2011 चा हा गेम आधी विचारतो, तू कोण? दहा वंश, शिवाय नाक, गाल, भुवया. माझा तास नाकावरच गेला. पुढं कळलं की दुकानदाराच्या डोक्यावर बादली घातली की त्याला काही दिसत नाही आणि माल उचलता येतो. मग काय, तेच करत बसलो. ड्रॅगन राहिले डोंगरावर. चीजचे गोळे एवढे कोंबले की ओझ्यानं पळता येईना. मजा आली, खोटं कशाला बोलू. पण गोष्ट कुठं गेली?

विचर 3 मध्ये गोष्ट आहे, जबर आहे. झाडाखाली कोंडलेल्या एका आत्म्याला सोडायचं का मारायचं, ते आपण ठरवायचं. सोडलं तर अनाथ पोरं वाचतात, पण एक गाव उजाड होतं आणि पुढं एक सरदार गळफास घेतो. मी काय केलं? मोबाइल काढून 'बरोबर' पर्याय शोधला. लातूर पॅटर्नमध्ये वाढलेला माणूस, पर्याय दिसले की उत्तरसूचीकडं हात जातोच. इथं बरोबर उत्तरच ठेवलेलं नाही, हे कळत होतं तरी.

फायनल फँटसी टेनमध्ये युना नावाची पोरगी यात्रेला निघालेली असते. जागोजागची माणसं तिच्यापुढं झुकतात. यात्रेच्या शेवटी तिला मरायचंय, हे सोबतच्या सगळ्यांना ठाऊक असतं. ठाऊक नसतं फक्त टीडसला, म्हणजे आपण ज्याला चालवतो त्याला. सगळं संपल्यावर माझं गाव दाखवतो, असं तो तिला सांगत राहतो. ती हसत राहते. त्याला खरं कळतं तेव्हा आपल्यालाही आपलीच बडबड आठवते, आणि करण्यासारखं काहीच नसतं. तिथं कुणी पर्याय दिले असते, तर मी परत मोबाइल काढला असता.

बाकी हे भांडण भावकीतलंच. युजी होरी या जपानी माणसाला विझर्ड्री आणि अल्टिमा या 1981 च्या अमेरिकन गेमचं वेड होतं, त्यातूनच 1986 ला त्याचा ड्रॅगन क्वेस्ट हा जपानी रोल-प्लेइंग गेम आला.

परवा एका पोरानं विचारलं, "मग सुरुवात कुठून करू?"

"नीट कधी आहे?"

"मे मध्ये."

म्हटलं, फायनल फँटसी टेन पेपर झाल्यावर घे. स्कायरिमला तर हातच लावू नको, नाक बसवता बसवता मे उजाडेल.