तुम्ही विचारलंत म्हणून: आमच्या फियाटच्या आतल्या रंगाबद्दल

आमची 1967 ची फियाट 1100 डिलाइट कुठेही उभी केली, की लोक आधी बाहेरून एक फेरी मारतात. मग काचेला कपाळ टेकवून आत बघतात आणि विचारतात, "ताई, आतला रंग इतका कसा जुळवलात? रंगाचा नंबर द्या ना." 2023 च्या ऑक्टोबरात मुंबईतल्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी (पद्मिनी म्हणजे याच गाडीचं पुढचं नाव) बंद झाल्या, तेव्हापासून तर हे विचारणारे वाढलेत. कुणाच्या आजोबांची गाडी ताडपत्रीखाली पडून असते, कुणी नुकतीच हौसेनं घेतलेली असते. नंबर माझ्याकडे नाहीच. रंग कसा शोधला, ते सांगते.

आताच्या गाड्यांत आत सगळं प्लास्टिक. कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात झालेल्या आमच्या गाडीत आतसुद्धा पत्रा दिसतो. डॅशबोर्ड, दारांच्या वरच्या कडा, स्टिअरिंगची नळी, सगळं रंगवलेलं आणि चालवणाऱ्याच्या नाकासमोर. मडगार्डवर शेडमध्ये उन्नीस-बीस खपून जातं. डॅशबोर्डवर खपत नाही.

पहिला प्रश्न हाच की जुळवायचं कशाशी? आमचा डॅशबोर्ड फिकट, पिठूळ राखाडी दिसायचा. स्पीडोमीटर बाहेर काढला, तेव्हा त्याच्या कडेखालून जेमतेम बोटभर रुंदीची पट्टी निघाली, शेवग्याच्या पानाच्या मागच्या बाजूसारखी राखाडी-हिरवी. इतकी वर्षं ऊन न लागलेला तो रंग. मी बराच वेळ हातात टॉर्च घेऊन तिथेच बसून होते. बाबांना हाक मारली, तर ते म्हणाले, "हाच. आणली तेव्हा अशीच होती." असा रंग तुमच्याही गाडीत कुठेतरी लपलेला असतो. आरशाच्या बुडाखाली, रबराच्या बीडिंगखाली, ॲश ट्रेच्या मागे शोधा. दाराच्या पॅडखालच्या रंगावर मात्र विसंबू नका. तिथे हात पातळ मारलेला असू शकतो आणि खालचा प्रायमर शेड बदलून टाकतो. एखादाच डाग दुरुस्त करायचा असेल, तर उडालेल्या रंगाशीच जुळवावं लागेल, पण आधी थोडं रबिंग कंपाउंड लावून पुसा. फडक्यावर पांढरट भुकटी आली, तर तुम्ही आतापर्यंत रंग नाही, त्याच्यावरची मेलेली साय बघत होतात. आमचा पत्रा खालून गंजला होता, त्यामुळे सगळंच नव्यानं करायचं ठरलं, अगदी मूळ रंगात.

मग मी चूक केली. निखळलेला एक तुकडा घेऊन रंगाच्या दुकानात गेले. त्यांनी यंत्र लावून रंग बनवून दिला. ट्यूबलाइटखाली तुकडा आणि नवा रंग शेजारी धरले, अगदी जुळे भाऊ. घरी आणून स्टिअरिंगच्या नळीवर मारला, गाडी उन्हात काढली आणि नळी निळसर दिसायला लागली. संध्याकाळी पुन्हा बरी. दोन रंग दिसायला सारखे असले तरी आतली रंगद्रव्यं वेगळी असली, की उजेड बदलल्यावर एक फितूर होतो. यंत्रानं मोजलेलं चूक नव्हतं. मी एकाच उजेडात बघितलं, ते चुकलं.

त्यानंतर ज्यांच्याकडे गेले ते आयुष्यभर ड्युको, म्हणजे गाड्यांना मारायचा झटपट वाळणारा लॅकर रंग, मारत आलेले पेंटर, सगळे त्यांना मामा म्हणतात. त्यांनी माझा डबा उघडूनही बघितला नाही. "ताई, डब्यातला रंग ओला असतो. तो वाळला की बोलू." पत्र्याच्या पट्ट्या कापल्या, त्यांवर गाडीला लावणार तोच प्रायमर मारला. पांढऱ्या रंगात काळा, मग पिवळा, मग हिरव्याचे चार थेंब, ढवळायचं, पट्टीवर मारायचं, वाळू द्यायचं. पट्टी वाळली की ती गाडीत नेऊन स्पीडोमीटरच्या जागी त्या जुन्या बोटभर रंगाला चिकटवून धरायची. सकाळी, भर दुपारी, मग दिवा लावून. अकराव्या पट्टीला शिवण दिसेनाशी झाली. प्रत्येक पट्टीच्या मागे मी थेंब लिहून ठेवले होते. त्या पट्ट्या अजून माझ्याकडे आहेत.

चकाकीचंही तसंच. आमच्या डॅशबोर्डची चमक बाहेरच्या रंगापेक्षा मंद होती. तोच रंग पूर्ण चकाकीत मारला असता, तर समोरच्या काचेत त्याची झळक आली असती आणि शेडही गडद वाटली असती. म्हणून मॅट बेस घालून चमक उतरवली. मॅट बेस घातल्यावर रंग फिकट वाटतो, तेव्हा पट्टी पुन्हा करायची. तो तळाशीही बसतो, म्हणून रंग फवारायच्या गनमध्ये भरताना दर वेळी ढवळायचा.

रंग मारण्याआधी एक परीक्षा करा. थिनरमध्ये भिजवलेला बोळा जुन्या रंगावर ठेवा. रंग बोळ्यावर उतरला तर तो लॅकर आहे. सुरकुतला तर एनॅमल आहे आणि त्यावर ड्युको मारलात तर पापडासारखा उचलेल, तेव्हा तो पूर्ण काढा. घासायचं ते वॉटर पेपरनं, पाणी लावूनच. जुन्या रंगात शिसं असू शकतं, त्याची धूळ नाकात जाऊ देऊ नका. आणि कुणी कधी डॅशबोर्डला चमकवायचं पॉलिश लावलं असेल, तर घासण्याच्या आधी ते नीट पुसून काढा, फडकी बदलत बदलत. त्यातलं सिलिकॉन पत्र्यावर राहिलं, की नव्या रंगात माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात. आमच्या ग्लोव्ह बॉक्सच्या कडेला पडले होते, ते सगळं खरवडून पुन्हा करावं लागलं.

आतल्या पत्र्यासाठी मी ड्युकोच घेतला, कारण नवा हात जुन्या हातात विरघळतो, त्यामुळे पुढे ओरखडा पडला तरी तेवढ्यापुरता दुरुस्त होतो. हार्डनर घालायचा पीयू (पॉलियुरेथेन) रंग जास्त टिकतो, हे खरं आहे. पण त्यातलं आयसोसायनेट फुप्फुसांना घातक असतं. बाहेरून हवा पुरवणारा मास्क नसेल, तर गाडीच्या बंद पोटात बसून तो मारू नका, कळकळीनं सांगते. ड्युकोलाही थिनरची वाफ अडवणारा मास्क आणि उघडी दारं हवीतच.

पुढची काच काढलेली असतानाच डॅशबोर्ड रंगवून घ्या, नाहीतर कोपऱ्यात गन शिरत नाही. छोटी गन, वीतभर अंतर, पातळ हात, मध्ये दहा मिनिटं. जाड मारलात की ओघळ आलाच. आम्ही फेब्रुवारीत मारला. मामा पावसाळ्यात ड्युकोला हात लावत नाहीत. थिनर उडताना पत्रा गार पडतो, दमट हवेतलं पाणी त्यावर धरतं आणि रंगावर दुधासारखा पांढरा पडदा येतो.

एक गोष्ट मला फार जड गेली. चालकाच्या दाराच्या वरच्या कडेवर बाबांचं कोपर इतकी वर्षं टेकून टेकून रंग उडाला होता, खाली गुळगुळीत पत्रा चमकत होता. ती जागा तशीच ठेवावी असं मला वाटत होतं. बाबांनी अंगठा फिरवून मला गंजाचे ठिपके दाखवले आणि म्हणाले, "मार रंग." मारला. आता ते पुढच्या सीटवर डावीकडे बसतात, गाडी मी चालवते आणि त्या कडेवर माझं कोपर असतं.